पहिला उद्गार माझ्याकडे आला तेव्हा

लेंतचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस सुरू झाले होते आणि गावाहून पाळकसाहेबांचा फोन आला. सलाम झाला, आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग म्हणाले, ताई, यंदा गुड फ्रायडेला पहिला उद्गार तुम्ही घ्या. मी हो म्हणून टाकलं. आमच्या नगरकडच्या मंडळीत गुड फ्रायडेची उपासना दुपारी बारा ते तीन चालते, आणि क्रूसावर प्रभूने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, सगळे पाळकच असतात असं नाही, कोणी शाळामास्तर, कोणी तरुण संघातला मुलगा, कोणी महिला मंडळातली बाई. फोन ठेवला, गॅसवरचं दूध उतरवलं, आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं की पहिला उद्गार कोणता ते. "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही."

आणि त्या चर्चमध्ये मागून तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला, माझे काका बसतात.

काकांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. पप्पा झेडपीच्या शाळेत गुरुजी होते. २००९ मध्ये काकांनी पोल्ट्रीच्या शेडसाठी एका पतसंस्थेतून तीन लाख काढले आणि जामीनदार म्हणून पप्पांनी सही केली. भावानेच नाही करायची तर कोणी करायची, असं ते आईला म्हणाले होते, मी तिथेच भाजी निवडत बसले होते. दीड-दोन वर्षं हप्ते गेले, मग एका बॅचला रोग आला, मग खाद्याची उधारी, आणि मग एक दिवस शेड रिकामी आणि काका चाकणला, फोन बंद. पहिली नोटीस आली, दुसरी आली, आणि मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. ज्यांच्या घरात तो आलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कर्ज ज्याने घेतलं तो सापडत नसेल तर जामीनदार सापडतो, आणि गुरुजी तर रोज सकाळी दहाला शाळेत सापडतात. पप्पांच्या पगारातून कपात सुरू झाली, २०१३ मध्ये रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातला मोठा तुकडा तिकडे गेला, आणि बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती त्याच महिन्यात आईने हातातल्या पाटल्या काढून सराफाकडे दिल्या. मी बरोबर होते. साबण लावून काढल्या होत्या घरीच, कारण दुकानात काढायला लागू नये म्हणून, आणि मनगटावर पांढरा पट्टा उठला होता, दुकानात बसल्यावर ती पदराने तो झाकत होती.

पप्पा २०१६ ला गेले. शेवटपर्यंत भावाबद्दल वाईट बोलले नाहीत, आणि खरं सांगते, त्याचाही मला राग यायचा.

तर त्यानंतर माझ्या डायरीच्या मागच्या पानावर एक हिशोब होता. तारखा, कपातीच्या रकमा, पाटल्यांचे आलेले पैसे, बेरीज ३,८६,०००. दर वर्षी नवीन डायरी घेतली की मी ते पान उतरवून काढायचे. दर जानेवारीत. कोणाला दाखवलं नाही, कशासाठी ठेवलं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता यावर पंधरा मिनिटं बोलायचं कसं. मी प्रभूची प्रार्थना घेऊन बसले, म्हटलं तिथून सुरू करू. लहानपणापासून तोंडपाठ आहे, इतकी पाठ की शब्द ऐकूच येत नाहीत. आमच्या जुन्या मराठी बायबलात ती ओळ अशी आहे, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." वसईकडची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, त्यांच्या प्रार्थनेत अपराध आणि क्षमा हे शब्द आहेत, आमच्यात ऋण. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये खरोखर देण्याचा, कर्जाचाच शब्द आहे, आणि त्याच्याबरोबरचं क्रियापद आहे ते सोडून देणं, जाऊ देणं या अर्थाचं. मराठीत किती सहज आलंय ते, ऋण सोड. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही प्रार्थना माझ्या डायरीच्या मागच्या पानाबद्दलच आहे.

कारण कर्ज सोडायचं तर आधी कर्ज आहे हे मान्य करावं लागतं ना. आपल्याकडे क्षमा म्हटलं की लोक लगेच म्हणतात, जाऊ दे गं, काही एवढं झालं नाही, विसरून जा. काही झालंच नसेल तर सोडायचं काय? शिष्य पेत्राने प्रभूला विचारलं, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि प्रभू म्हणाला सात नाही, साताच्या सत्तर वेळा. (उत्पत्तीच्या पुस्तकात लामेख बढाई मारतो की माझा सूड सत्त्याहत्तर पट घेतला जाईल, तिथे वाढत चाललेला सुडाचा आकडा प्रभूने इथे उलटा फिरवला, असं मला नेहमी वाटतं.) आणि लगेच त्याने गोष्ट सांगितली त्या चाकराची, ज्याला राजाने दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं आणि त्याने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याची नरडी धरली. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की केवढं मोठं कर्ज त्याला सोडलं आणि हा केवढ्याशा पैशासाठी अडला. यावेळी मी कागद घेऊन हिशोब केला, सवयच आहे. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एक तालांत साधारण सहा हजार दिनार. म्हणजे राजाचं कर्ज सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाख वर्षांच्या वर, कोणाच्या बापाला फिटणार नाही. पण शंभर दिनार? शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांच्या वर. रोजंदारीवरच्या माणसाला विचारा तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर घरात काय होतं. ती केवढीशी रक्कम नाहीये. माझं काय बुडालं ते प्रभूला माहीत आहे, तो त्याला किरकोळ म्हणत नाहीये, हे त्या रात्री समजलं आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. इतकी वर्षं मी वाट बघत होते की कोणीतरी म्हणावं, हो, रक्कम मोठी आहे.

पण मग पुढचंही ऐकावं लागतं. दीड लाख वर्षांचं मला सुटलेलं आहे. हे वाक्य चर्चमध्ये मान हलवत ऐकणं वेगळं आणि रात्री एकटीने स्वतःला विचारणं वेगळं, की बाई, तुझं काय सुटलंय? मला तेव्हा पप्पांची माती आठवली.

पप्पांच्या दफनाला काका आले होते. चाकणहून एसटीने आले असणार, पायात चपला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पाळकांनी "मातीला माती" म्हटलं आणि आम्ही सगळे एकेक मूठ टाकायला पुढे गेलो. काका रांगेत होते. ते कबरीजवळ वाकले तेव्हा मी त्यांच्या आणि मातीच्या ढिगाऱ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बोलले काही नाही. फक्त उभी राहिले, आणि ते तसेच रिकाम्या हाताने मागे सरकले, आणि लोकांच्या मागे जाऊन भिंतीला टेकले. सख्ख्या भावाची मूठमाती मी अडवली. हे माझ्या डायरीत कुठल्याच पानावर नव्हतं.

तयारी करताना सिस्टर राणी मारिया यांच्याबद्दल वाचलं, आधी नाव ऐकलं होतं फक्त. त्या मूळच्या केरळच्या कॅथलिक नन, पण मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करायच्या, आदिवासी आणि भूमिहीन शेतमजुरांना सावकारांच्या विळख्यातून बाहेर काढायचं काम, बचतगट, सरकारी योजना, हक्काची माहिती. म्हणजे तिथेही विषय कर्जाचाच. ज्यांचा धंदा बसला त्यांनी माणूस लावला. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने सगळ्यांच्या देखत त्यांना भोसकलं, पन्नासच्या वर वार. त्याला जन्मठेप झाली. आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमाराला, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी जेलमध्ये गेल्या आणि त्यांनी त्या माणसाच्या हाताला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले, २००६ ला तो सुटला, केरळला त्यांच्या घरी गेला, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं तेव्हा तोही तिथे होता.

मी हे वाचून एकदम हलके झाले वगैरे असं झालं नाही. उलट धास्तावले. पण एक गोष्ट मनात राहिली, १९९५ ते २००२. सात वर्षं. सिस्टर होत्या त्या, रोज प्रार्थना करणाऱ्या, त्यांनाही त्या तुरुंगाच्या दारापर्यंत जायला सात वर्षं लागली. आम्हाला मात्र प्रवचनात सांगतात की आज रात्री झोपायच्या आधी क्षमा करा.

आणि आणखी एक गोष्ट इथेच बोलते, ती मला फार आतून बोलायची आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला वडीलधारी माणसं सांगतात, ताई, क्षमा कर आणि परत जा. मी स्वतः ऐकलंय. क्षमा करणं आणि परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योसेफाला विकून टाकणारे त्याचे भाऊ मिसरात धान्याला आले तेव्हा त्याने त्यांना लगेच मिठी मारली नाही, पारखून घेतलं, धाकट्या बन्यामीनसाठी हे आता काय करतात ते बघितलं, आणि मग त्यांच्या गळ्यात पडून रडला. प्रेषित पौलसुद्धा रोमकरांना लिहितो की सगळ्यांशी शांतीने राहा, पण त्याच्या आधी लिहितो "शक्य असेल तर", आणि "तुमच्याकडून होईल तितके". ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप दहा वर्षांचा आणि टिमथी सहा वर्षांचा, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं, बारीपदाच्या कुष्ठरोग्यांचं काम पुढे २००४ पर्यंत केलं, पण त्यांनी क्षमा केली म्हणून कोर्ट थांबलं नाही, मुख्य आरोपीची जन्मठेप सुप्रीम कोर्टाने २०११ ला कायम केली. मनातला सूड सोडला म्हणजे न्याय सोडला असं होत नाही. जी बाई मार खाते तिला आधी दार आणि कडी द्या, क्षमेचं ती आणि तिचा देव बघून घेतील.

तर पवित्र आठवडा लागला. माझं भाषण सहा पानं झालं होतं आणि एकही पान खरं नव्हतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. मी हे कायम उलटं वाचत आले होते, माझ्या मनात कोणाविरुद्ध काही आहे का असं. तिथे लिहिलंय त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. मंगळवारी मी पुण्याहून सकाळची एसटी पकडली.

काका २०२१ मध्ये लकव्याचा झटका आल्यावर गावी परत आले होते, जुन्या घराच्या पडवीत खाटेवर असतात, डावा हात फारसा चालत नाही. काकू पाणी देऊन आत निघून गेली. मी घोकून आले होते ते सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "काका, पप्पांची माती मी तुम्हाला टाकू दिली नाही. माझं चुकलं."

ते बराच वेळ उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं सरळ करत राहिले, एकेक, करंगळीपासून. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी टाकली मी. सकाळी. कोणी नव्हतं तेव्हा."

मग मी डायरी काढली नाही पण आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने सांगितला. तीन लाख शहाऐंशी हजार. मला वाटलं ते मान खाली घालतील नाहीतर रोगाचं, कंपनीच्या दराचं काही सांगतील. ते म्हणाले, "चार लाख अकरा. दादाने पहिल्या वर्षी खाद्याला पंचवीस हजार हातउसने दिले होते, वहिनीलाही माहीत नाही. तुझ्या हिशोबात ते नसतील." आणि मग, "पाटल्या धरून सांगतोय."

म्हणजे त्यांच्याकडेही एक पान होतं. माझ्यापेक्षा मोठ्या बेरजेचं.

मी त्यांना म्हटलं, काका, माझ्याकडून सोडलं. शब्द तोंडातून फार जड निघाले, आनंद वगैरे काही वाटला नाही, फक्त दमल्यासारखं वाटलं, लांबून पाण्याचा हंडा आणून खाली ठेवल्यावर वाटतं तसं. ते काही म्हणाले नाहीत. परत येताना एसटीत मला तुकोबा आठवले. नारायण वामन टिळक म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले, आणि आम्ही तर टिळकांच्या भजनांवरच वाढलो. तुकोबांच्या घरी सावकारी होती, मोठ्या दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण ती गोष्ट पूर्ण सांगणारे हेही सांगतात की आधी त्यांनी कागदांच्या वाटण्या केल्या, धाकट्या भावाचा अर्धा वाटा कान्होबांना दिला, आणि फक्त आपला अर्धा वाटा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या वाट्याचं कर्ज आपण सोडू शकत नाही. मी माझा वाटा सोडून आले होते. पाटल्या माझ्या नव्हत्या.

७ एप्रिलला चर्चमध्ये नेहमीसारखं ऊन पत्र्यावर तापलं होतं, सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, घंटा नाही, फुलं नाहीत. मी सहा पानं घरीच ठेवली होती. मी एवढंच सांगितलं की प्रभू क्रूसावर असताना त्याच्याकडे कोणी क्षमा मागितलेली नव्हती, शिपाई खाली बसून त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. आणि तो शिपायांना उद्देशून बोललाच नाही, तो बापाशी बोलला. लूकने तिथे वापरलेलं ग्रीक क्रियापद एकदा म्हणून संपलं असं सांगणारं नाही, तो म्हणत होता, म्हणत राहिला, असा त्याचा सूर आहे. ज्याला माणसाच्या तोंडावर क्षमा म्हणायला जमत नाही त्याने बापाशी बोलायला सुरुवात करावी, आणि एकदा बोलून होत नसेल तर परत बोलावं, मी सात वर्षं बोललेच नव्हते म्हणून मला माहीत आहे. माझे पाय कापत होते. मागून तिसऱ्या बाकावर मी बघितलं नाही. चार-पाच मिनिटांत खाली आले, पंधरा मिनिटं दिली होती.

आई पहिल्या बाकावर होती. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, मातीचं, पंचवीस हजारांचं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझं तू सोडलंस ते बरं केलंस. माझं मी बघते." मी म्हटलं, आई, प्रभू सांगतो. तर म्हणाली, "प्रभू त्या जकातदार जक्कयाच्या घरी जेवायला गेला तेव्हा जक्कय काय म्हणाला? चौपट परत देतो म्हणाला. मी चौपट मागत नाही." यावर मी काय बोलणार. आणि तिच्या मनगटाकडे बघून बोलूही नये असं मला वाटलं.

काकूने जूनमध्ये आईच्या खात्यात दोन हजार टाकले. जुलैमध्ये परत दोन हजार. मुलगा कंपनीत लागलाय, त्याच्या पगारातून. आई फोनवर त्यांच्याशी अजून बोललेली नाही, चर्चमध्ये सलामाला मान हलवते तेवढंच. मागे मी गेले तेव्हा तिने मला हिशोब करायला लावला की या गतीने चार लाख अकरा हजार फिटायला किती दिवस लागतील. सतरा वर्षं, मी सांगितलं. ती अडुसष्टची आहे. बराच वेळ काही बोलली नाही, मग उठली, कपाटातून पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, बाजारात चालली आहेस ना, बँकेत जाऊन भरून आण, या महिन्याचं आलंय का बघ.